इंग्रजी बोलायचं, पण कोण म्हणून?

ढोकाळीवरून कोलशेतकडे निघालं की दोन्ही बाजूंना उंच टॉवर लागतात. एकेकाळी इथे रसायनांचे मोठे कारखाने होते. आता त्या जमिनींवर गृहसंकुलं उभी आहेत. रस्ता संपत आला की जुनं गाव येतं, आगरी-कोळ्यांची घरं, मग खाडी आणि पलीकडच्या काठावर काल्हेर. एवढ्याशा पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला दिवसभरात चार भाषा लागतात. घरी आगरी, शाळेत आणि सरकारी कामाला पुस्तकी मराठी, रिक्षात आणि बाजारात हिंदी आणि संकुलाच्या गेटच्या आत, बँकेत, मुलाखतीत इंग्रजी. पहिल्या तिन्हींत भांडणारा, हसवणारा, भाव करणारा माणूस चौथीच्या दारात आला की गप्प होतो.

मोठ्या वयाच्या लोकांना इंग्रजी शिकवताना एक वाक्य हमखास कानावर येतं. "समजतं हो सगळं, पण तोंड उघडत नाही." हे वाक्य खरं असतं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज विशीत असलेल्या, मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलाने दहा वर्षं इंग्रजीची पुस्तकं हाताळलेली असतात. काळ माहीत असतात, शब्द ओळखीचे असतात. तरी तोंड उघडत नाही, कारण बोलायच्या क्षणी मनात वेगळाच हिशेब चालू असतो. समोरच्याच्या नजरेत मी कोण? मी बोललो तर तो ऐकून घेईल का? चुकलो तर काय गमावेन? या हिशेबात तोटाच दिसत असेल, तर शब्द वहीत राहतात. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याने, त्याच्या आईवडिलांनी आणि शिक्षकांनी आधी या हिशेबाकडे बघावं, असं माझं ठाम मत आहे.

कोलशेतसारख्या गावात हा हिशेब इंग्रजीच्या फार आधी सुरू होतो. आगरी घरातलं मूल पहिल्यांदा शाळेत जातं तेव्हा ते 'शाला' म्हणतं, 'पानी' म्हणतं, 'गारी' म्हणतं. घरात आजी-आजोबा, आई-बाबा सगळे तसंच बोलतात. वर्गात कुणीतरी हसतं. बाई प्रेमानेच सुधारतात, 'शाळा म्हण बाळा, पाणी म्हण, गाडी म्हण'. सहा वर्षांचं मूल यातून दोन धडे घेतं. एक उच्चाराचा, तो उपयोगाचा. दुसरा असा, की माझ्या घरची जीभ चुकीची आहे आणि चारचौघांत बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. हा दुसरा धडा ते मूल पुढे इंग्रजीच्या तासाला घेऊन जातं. कितीतरी तरुण 'मला इंग्रजीची भीती वाटते' म्हणतात तेव्हा ती भीती मुळात मराठीच्या तासाला बसलेली असते. तुमच्या बाबतीत तसं असेल तर ते ओळखा. इंग्रजीचा क्लास लावून ती जाणार नाही. आपली बोली चुकीची नव्हती, ती एक पुरी भाषा आहे, हे मनाशी पक्कं झाल्यावर ती कमी होऊ लागते.

शिवाय घरी 'गारी' आणि ऑफिसात 'गाडी' म्हणणारा माणूस दिवसातून पन्नास वेळा समोरचा कोण आहे ते बघून आपली भाषा बदलतो. कान तयार असल्याशिवाय हे जमत नाही. इंग्रजीला नेमका हाच कान लागतो.

आता पुन्हा त्या हिशेबाकडे येऊ. बॉनी नॉर्टन या भाषाअभ्यासक बाईंनी १९९०च्या सुमारास कॅनडात नव्याने आलेल्या पाच स्थलांतरित स्त्रियांचं इंग्रजी जवळून पाहिलं. त्यावर त्यांचा लेख १९९५ साली आणि पुस्तक २००० साली आलं. त्या पाचजणींत चेकोस्लोव्हाकियातून आलेली एक मध्यमवयीन बाई होती. अभ्यासात तिला मार्टिना हे नाव दिलं आहे. मायदेशात ती भूमापनाचं काम करायची, कॅनडात तिला हॉटेलात स्वयंपाकघरातलं आणि साफसफाईचं काम मिळालं. सोबतची पोरं-पोरी तिच्यापेक्षा खूप लहान. ही पोरं अस्खलित इंग्रजी बोलायची, आणि काम मार्टिनावर ढकलून गप्पा मारत बसायची. नवी आलेली, इंग्रजी कच्चं असलेली कामगार म्हणून ती गप्प राहिली असती. पण ही तर माझ्या मुलांच्या वयाची पोरं आहेत, आई काम करत असताना मुलांनी बसून राहायचं नसतं, हे तिच्या मनाने घेतलं. मग ती त्यांना बोलू लागली. व्याकरण कालच्याइतकंच कच्चं होतं, पण आता ती आई म्हणून बोलत होती, आणि आईला बोलायचा हक्क कुणाकडे मागावा लागत नाही. घरमालकाने भाड्यावरून अडवलं तेव्हाही ती फोनवर हटली नाही, कारण घर चालवायची जबाबदारी तिची होती.

नॉर्टन यांचं म्हणणं असं, की शिकायची इच्छा आहे की नाही एवढंच विचारून चालत नाही. इच्छा प्रचंड असलेला माणूसही जिथे त्याला कुणी मोजत नाही तिथे मुका होतो. तोच माणूस जागा बदलली, नातं बदललं की बोलता होतो. मी इंग्रजीत गुंतलो तर माझ्या आयुष्यात काय बदलेल हे ज्याला दिसतं, तो टिकतो.

हे समजायला कॅनडापर्यंत जायची गरज नाही. कोलशेतपासून जवळच कल्याण आहे. तिथल्या जोशी घराण्यात १८६५ साली यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोश्यांशी तिचं लग्न झालं आणि ती आनंदीबाई झाली. नवऱ्याने तिला शिकवलं हे आपण कौतुकाने सांगतो. त्या शिकवण्यात मारही होता, हे तिने स्वतः पत्रात लिहून ठेवलं आहे, आणि तेही सांगायला हवं. मार खाऊन ती शिकली असं म्हणणाऱ्यांना मला सांगायचं आहे, की तिच्या इंग्रजीला खरं बळ दुसरीकडून मिळालं.

चौदाव्या वर्षी तिचं दहा दिवसांचं मूल गेलं आणि आपण डॉक्टर व्हायचं असं तिने ठरवलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. या पत्रांकडे इंग्रजी शिकणाऱ्याने नीट बघावं. कार्पेंटरबाईंना हिंदू घराबद्दल, सणांबद्दल, बायकांच्या जगण्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, आणि आनंदीबाईंना ते सगळं जन्मापासून ठाऊक होतं. भाषा त्या बाईंची, पण विषय हिचा. ती त्यांना मावशी मानून लिहायची, त्या आपुलकीने उत्तर द्यायच्या. चुका दाखवायला लाल पेन घेऊन बसलेलं कुणी नव्हतं. पुढच्या पत्राची वाट पाहणारी एक बाई होती.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला आनंदीबाई भर सभेत इंग्रजीतून बोलल्या. वय अठराही पुरं नव्हतं. त्यांनी भाषण कसं बांधलं ते शिकण्यासारखं आहे. लोक त्यांना जे प्रश्न सतत विचारत होते तेच त्यांनी घेतले. अमेरिकेला का जायचं, इथे शिकता येत नाही का, एकटी का जाणार, जातीतून बाहेर टाकलं तर काय करणार? एकेक प्रश्न घ्यायचा आणि उत्तर द्यायचं. आणि सभेला त्यांनी स्पष्ट सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आज ते वाक्य कुणाला जुन्या काळचं वाटेल, पण भाषा शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ मोठा आहे. इंग्रजी घ्यायचं, पण त्याच्या बदल्यात मी माझं काही देणार नाही, हा सौदा त्यांनी जाहीर केला होता. अमेरिकेत त्यांनी साडी आणि शाकाहार सोडला नाही. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. परीक्षकांपेक्षा आपल्याला जास्त माहिती असलेला विषय त्यांनी निवडला होता. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाईंनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली ती मराठीत. इंग्रजी त्या मोठेपणी शिकल्या. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या स्वतः शिकत होत्या आणि त्याच वेळी तिथे संस्कृत शिकवत होत्या. १८८७ साली अमेरिकी वाचकांसाठी त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि दोनच वर्षांनी अमेरिकेबद्दल मराठी वाचकांसाठी मराठीत. साक्ष मराठीत दिल्यापासून पाच वर्षांत इंग्रजी पुस्तक, एवढी मजल त्यांनी मारली ती 'इंग्रजी कच्चं असलेली बाई' म्हणून वर्गात बसून मारलेली नाही.

आता तुमच्याकडे येऊ. इंग्रजी सुधारायचं ठरवलं असेल, तर शब्दांच्या याद्यांआधी एक काम करा. आपण कोणकोणत्या गोष्टींत समोरच्यापेक्षा जास्त जाणतो ते कागदावर लिहून काढा. नोकरी, धंदा, घर, खाडी, शेती, देवाची पालखी, क्रिकेट, मुलांचं आजारपण, काहीही. त्यातली एक जागा निवडा आणि इंग्रजीची सुरुवात तिथून करा. अनोळखी माणसापुढे हवापाण्याच्या गप्पा मारणं हे इंग्रजीतलं सगळ्यांत अवघड काम आहे, आणि बरेच क्लास नेमकं तेच पहिल्या दिवशी करायला लावतात. आपल्या कामाबद्दल बोलणं सोपं असतं, कारण काय बोलायचं ते आधीच ठाऊक असतं. फक्त कसं बोलायचं ते शोधायचं असतं.

समजा तुम्ही मासळी विकता. संकुलातल्या बाईंना काट्यांचा अंदाज नसतो, ताजं कसं ओळखायचं ते माहीत नसतं. "धिस फिश, मेनी बोन्स. नॉट फॉर स्मॉल चाइल्ड. टेक धिस वन. फ्रेश. सी द आइज." व्याकरणाची बाई यावर खुणा करील, पण गिऱ्हाईक ऐकेल, कारण इथे जाणकार तुम्ही आहात. दोन महिन्यांनी त्याच वाक्यात 'हॅज' आणि 'इज' आपोआप बसू लागतात, कारण वाक्य रोज वापरात असतं. खाडीची माहिती असेल तर चिंबोरीला मड क्रॅब, निवटीला मडस्किपर, तिवराला मँग्रोव्ह, भरतीला हाय टाइड आणि ओहोटीला लो टाइड एवढे शब्द घ्या आणि 'पूर्वी खाडीत काय मिळायचं, आता काय मिळतं' यावर मोबाइलमध्ये दोन मिनिटं बोलून ठेवा. आठवड्याने तेच परत बोला. दोन्ही ऐका. फरक तुमचा तुम्हालाच ऐकू येईल.

पालकसभेचं दुखणं वेगळं आहे, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. मूल इंग्रजी माध्यमात घातलेलं असतं. आई सभेला जाते, शेवटच्या बाकावर बसते, प्रगतिपुस्तकावर सही करते आणि 'येस मॅडम' म्हणून परत येते. घरी आल्यावर मूल म्हणतं, 'तू बोलू नकोस ना, बाबांना पाठव.' ताई, तिथे तुम्ही इंग्रजी न येणारी बाई म्हणून जात नाही. त्या मुलाबद्दल शाळेला जे ठाऊक नाही ते ठाऊक असलेली आई म्हणून जाता. आदल्या रात्री अशा तीन गोष्टी लिहून काढा. "माय सन इज अफ्रेड ऑफ मॅथ्स. ही डझ नॉट टेल यू. ही टेल्स मी." एवढी तीन वाक्यं घरी आरशापुढे म्हणून बघा. बाई मान वर करून तुमच्याकडे बघतील. चौथं वाक्य अडलं तर ते मराठीत बोला. ठाण्यातल्या शाळेत बहुतेक बाईंना मराठी कळतं, आणि निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी बोलणं हा काही गुन्हा नाही. मुलासाठीही हे दृश्य महत्त्वाचं आहे. आई चुकत का होईना पण बोलते हे पाहिलेलं मूल स्वतः चुकायला घाबरत नाही.

एक अडथळा आपल्याच माणसांकडून येतो, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. टॉवरमध्ये चुकीचं इंग्रजी बोललं तर हसतात, आणि कट्ट्यावर बरं इंग्रजी बोललं तरी हसतात. 'लय इंग्रजी फाडतोय', 'आता काय, साहेब झालास' हे ऐकलं की पोरगं दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम मोडकं बोलतं, कारण मित्र गमावण्यापेक्षा इंग्रजी गमावणं स्वस्त वाटतं. याला एकट्याने तोंड देऊ नका. दोघे-तिघे मिळून शिका. आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, त्यांचं समालोचन एक षटक मराठीत आणि एक षटक इंग्रजीत करून बघा. खेळ आपला, खेळाडू आपले, ऐकणारे आपले. इंग्रजी तिथे परकं राहत नाही आणि कुणी साहेबही होत नाही.

उच्चारांची काळजीही अनेकांना पोखरते. आपला मराठी हेल ऐकू येतो म्हणून लोक गप्प बसतात. जेनिफर जेंकिन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलं, की वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं इंग्रजीत बोलतात तेव्हा सगळेच उच्चार सारखे महत्त्वाचे नसतात. 'थिंक'मधला 'थ' इंग्रजांसारखा आला नाही तरी समजण्यात अडचण येत नाही. पण ह्रस्व-दीर्घाची गल्लत झाली की येते. मराठी बोलताना 'ई' थोडी आखूड झाली तरी बहुधा काम भागतं, इंग्रजीत मात्र 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. तसंच शब्दाच्या सुरुवातीच्या 'प', 'ट', 'क'वर हवेचा हलका झोत हवा, नाहीतर परदेशी माणसाला 'पेन'चं 'बेन' ऐकू येतं. आणि वाक्यातला महत्त्वाचा शब्द जोर देऊन म्हणायला हवा. एवढं सुधारा. बाकी हेल राहू द्या, तो तुम्ही कुठले आहात ते सांगतो. दोन हजारच्या दशकात कॉल सेंटरमध्ये आपल्या मुलांना रात्रपाळीपुरती परदेशी नावं आणि परदेशी हेल दिले गेले. पगार मिळाला, कामापुरतं इंग्रजीही आलं, पण आठ तास दुसरंच कुणी होऊन बोलण्याचा थकवा त्यातल्या अनेकांनी सांगितला आहे. ती नोकरीची गरज होती. शिकण्याची ती पद्धत होऊ नये.

घरात काय करावं, हे पालक विचारतात. मुलाचं इंग्रजी सुधारावं म्हणून घरात मराठी बंद करू नका. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९७०च्या दशकात दोन प्रकार वेगळे करून दाखवले. नवी भाषा जुन्या भाषेत भर घालते तेव्हा मुलाला फायदा होतो, आणि नवी भाषा जुनीला हाकलून देते तेव्हा मूल दोन्हीकडे लंगडं पडू शकतं. आपल्या भोवती दुसरा प्रकार फार दिसतो. आजीशी बोलता न येणारं आणि इंग्रजीतही पाठ केलेलंच बोलणारं मूल कोलशेत रोडवरच्या कुठल्याही संकुलात भेटेल. याऐवजी मुलाला आजीकडे पाठवा. पूर्वी मीठ कसं पिकवायचे, लग्नात कुठली गाणी म्हणायचे, होडी कशी बांधायचे ते आगरीत विचारू द्या आणि शाळेच्या प्रकल्पात इंग्रजीत लिहू द्या. असा प्रकल्प इंटरनेटवरून उतरवता येत नाही, म्हणून मुलाला प्रत्येक वाक्य स्वतः घडवावं लागतं.

शिक्षकांना एकच विनंती. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे असे प्रश्न कमी विचारा. 'व्हॉट इज धिस? धिस इज अ पेन' यात मुलाकडे सांगण्यासारखं काही नसतं. तुमच्या घरी काल काय शिजलं, विसर्जनाला घाटावर तू काय केलंस, हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मूल मध्येच मराठी शब्द वापरील, तो घ्या आणि इंग्रजी शब्द हातात द्या. मराठी बोलल्यास दंड ही पाटी ज्या वर्गात आहे तिथे मुलं इंग्रजी बोलत नाहीत, ती गप्प बसतात.

आणि क्लास लावायचाच असेल तर पैसे भरण्यापूर्वी एक तास बसून बघा. तिथे पहिल्या तासाला तुम्हाला तुमच्या कामाबद्दल, तुमच्या माणसांबद्दल बोलायला सांगतात का, चुकल्यावर शेवटपर्यंत ऐकून घेतात का, आणि मराठी शब्द तोंडून गेला तर काय करतात, हे पाहा. तुमचं नाव, गाव आणि जीभ दाराबाहेर ठेवून आत या असं सांगणारा क्लास कितीही चकचकीत असला तरी तिथे पैसे भरू नका.